टपालाच्या पत्त्यातलं गावाचं नाव बदलून मिळतं का? (अमेरिका, नगरपालिका नसलेल्या वसाहती)

लाउडनकर

नमस्कार मंडळी,

आम्ही उत्तर व्हर्जिनियात लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा) राहतो. आमच्या वसाहतीला स्वतःचं नाव आहे, शाळा आहे, एचओए (घरमालकांची संघटना) आहे, तळं आहे, पण नगरपालिका नाही. इथल्या भाषेत अनइनकॉर्पोरेटेड कम्युनिटी. पोलीस म्हणजे काउंटीचा शेरीफ, रस्ते राज्याचे, शाळा काउंटीच्या. लाउडनमध्ये नगरपालिका असलेली गावं सातच आहेत. लीसबर्ग, पर्सेलव्हिल वगैरे सोडलं तर बहुतेक सगळे आमच्यासारखेच.

अडचण पत्त्याची आहे. टपालाच्या पत्त्यात आमच्या वसाहतीचं नाव नाही, शँटिली आहे. आणि शँटिली पडतं शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत. आम्ही कर लाउडनला भरतो, मत लाउडनमध्ये देतो आणि पत्रं मात्र फेअरफॅक्समधल्या नावाने येतात. शेजाऱ्यांनी गाडी घेतली तेव्हा विक्रेत्याने पत्ता बघून फॉर्मवर फेअरफॅक्स काउंटी टाकली. वर्षभराने गाडीचा कर भरायची नोटीस भलत्याच काउंटीकडून आली. ते निस्तरताना त्यांची दमछाक मी बघितली आहे.

हे झालं व्यवहाराचं. पण आमची मुलं स्वतःला ज्या गावची म्हणवतात, ते नाव त्यांच्या पाकिटावर यावं, असंही मला मनापासून वाटतं. एचओएच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडणार आहे. म्हणून विचारतोय:

नाव बदलून घ्यायला अर्ज कुणाकडे करायचा? त्यासाठी नवा झिप कोड (इथला पिन कोड) लागतो का? आणि नाव बदललं तर लायसन्स, बँक, ग्रीन कार्ड सगळीकडे पत्ता बदलत बसावं लागतं का? कुणी या वाटेने गेलं असेल तर सविस्तर लिहा.

केटीची_मंजिरी

आमच्याकडे उलट आहे, म्हणून लिहिते. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाचं छोटं शहर आहे. २०२०च्या जनगणनेत तिथे जेमतेम बावीस हजार माणसं होती. पण पत्त्यात 'केटी' लिहिणारे काही लाख असतील, आणि ते हॅरिस, फोर्ट बेंड, वॉलर अशा तीन काउंट्यांत पसरलेत. आमचं पाणी, ड्रेनेज मड बघतं (चिखल नव्हे हो, म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट!). शहराशी आमचा काडीचा संबंध नाही, तरी आम्ही केटीकर. गणपतीला, दिवाळीला सगळे केटीकर म्हणूनच भेटतो.

मला विचाराल तर नाव शेजारचं असलं तरी माणसं त्यातून आपलं गाव उभं करतात. एवढा खटाटोप कशाला?

लाउडनकर

मंजिरीताई, तुमचं नाव निदान तुमच्याच परिसराचं आहे आणि तुम्ही ते आपलं मानलंय. आमच्याकडे पत्त्यातलं नाव एक, वेशीवरच्या पाटीवरचं दुसरं आणि काउंटी तिसरीच. नव्याने घर घ्यायला आलेली माणसं दर वेळी विचारतात, "म्हणजे मुलं नक्की कुठल्या शाळेत जाणार?"

नकाशावाली

मी एका काउंटीच्या जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या विभागात काम करते (लाउडन नव्हे). हा प्रश्न आमच्या खिडकीवर नेहमी येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

झिप कोड १ जुलै १९६३ला सुरू झाला तो पत्रं वेगाने छाटता यावीत म्हणून. पहिला आकडा देशाचा भाग सांगतो, पहिले तीन मिळून छाटणी केंद्र, शेवटचे दोन त्याखालचं वाटप. झिप म्हणजे जमिनीवर आखलेली हद्द नव्हे. पोस्टमनची गाडी ज्या रस्त्यांनी फिरते त्या वाटांचा तो गठ्ठा आहे. ती गाडी ज्या पोस्ट ऑफिसातून निघते, त्याचं नाव तुमच्या पत्त्यावर चढतं. गाडी काउंटीची सीमा ओलांडते, नावही ओलांडतं. लाउडनकरांच्या शँटिलीचं मूळ तिथे आहे.

आता नावांबद्दल. यूएसपीएसच्या (अमेरिकेचं टपालखातं) दप्तरी प्रत्येक झिपसमोर तीन प्रकारची नावं असतात. एक मुख्य नाव, जे ते स्वतः पसंत करतात. त्याखाली चालणारी इतर नावं. आणि तिसरी, वापरू नका अशी यादी. त्यांच्या संकेतस्थळावर झिपवरून गावं शोधायची सोय आहे. तिथे आपला झिप टाकला की तिन्ही दिसतात. लाउडनकर, आधी हे करा. तुमच्या शेजारच्या साउथ रायडिंगला हेच घडलंय. २०१५२ या झिपचं मुख्य नाव शँटिलीच आहे, पण साउथ रायडिंग चालणाऱ्या नावांत आहे. तिथले लोक पाकिटावर बिनधास्त साउथ रायडिंग लिहितात.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नवा झिप लागत नाही. झिप तोच ठेवून तुमचं नाव 'चालणाऱ्यां'मध्ये घालून घेणं ही वेगळी मागणी आहे, आणि नवीन झिप मागण्यापेक्षा पुष्कळ सोपी. नव्या झिपला वाटपाची सगळी घडी बदलावी लागते, तिला टपालखातं सहज तयार होत नाही. नुसत्या नावाने छाटणीत काही बिघडत नाही, कारण यंत्र वाचतं ते आकडे. पाकिटावरच्या बारकोडात पत्त्यासाठी पाच आकडी झिप, पुढचे चार आणि घराचे दोन असे अकरा आकडे असतात. तेवढ्यावर पाकीट तुमच्या पेटीच्या क्रमाने लागतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. ९११ला (आणीबाणीचा नंबर) फोन केल्यावर मदतीची गाडी टपालाच्या नावावरून निघत नाही. काउंटी प्रत्येक घराचा बिंदू स्वतःच्या नकाशावर ठेवते, आणि त्या यादीतलं वस्तीचं नाव टपालाहून वेगळं असू शकतं. मुलांना घर क्रमांक, रस्ता आणि काउंटी ही तिन्ही पाठ करून घ्या. मोबाइलवरचा फोन सीमेजवळ शेजारच्या काउंटीच्या केंद्रात लागू शकतो, तेव्हा काउंटीचं नाव सांगता आलं पाहिजे.

स्नेहल_७

नकाशावाली, फार छान लिहिलंत. एक शंका. ऑनलाइन काही मागवताना मी आमच्या वसाहतीचं नाव लिहिते आणि संकेतस्थळ ते आपोआप खोडून शेजारच्या गावाचं टाकतं. ते का?

नकाशावाली

स्नेहल, बहुतेक दुकानं पत्ता तपासायला यूएसपीएसने प्रमाणित केलेली प्रणाली वापरतात. नाव 'चालणाऱ्यां'मध्ये असेल तर ते सहसा टिकतं. 'वापरू नका' यादीत असेल किंवा यादीतच नसेल, तर प्रणाली मुख्य नाव बसवते. म्हणूनच यादीत नाव जाणं महत्त्वाचं. एकदा तिथे गेलं की बँकेपासून किराण्यापर्यंत सगळीकडे ते ओळखलं जातं, कारण सगळे तीच यादी विकत घेतात.

फोरसाइथचा_बंड्या

लाउडनकर, अटलांटाच्या उत्तरेला या, इथे हा प्रश्न घराघरात आहे. आम्ही फोरसाइथ काउंटीत. अख्ख्या काउंटीत नगरपालिका एकच, कमिंग. पण काउंटीच्या दक्षिण भागात पत्ता येतो अल्फारेटा. अल्फारेटा शहर आहे फुल्टन काउंटीत. घरांच्या जाहिरातीत 'अल्फारेटा पत्ता, फोरसाइथ कर' असं ठळक लिहितात, आणि आपली मंडळी तेवढ्यासाठी रांगा लावतात. आमच्या ओळखीचं एक जोडपं अल्फारेटाचं ग्रंथालय, अल्फारेटाची बाग आपलीच समजून घर घेऊन बसलं. रहिवासी म्हणून सवलत मागायला गेले तेव्हा कळलं, शहराच्या हद्दीत ते नाहीतच.

शेजारी जॉन्स क्रीक आहे. ते १ डिसेंबर २००६ला शहर झालं, ऐंशी हजारांवर वस्ती, तरी कित्येक पत्ते अल्फारेटा, डुलुथ, सुवानी या नावांवर. त्यातले डुलुथ आणि सुवानी तर ग्विनेट काउंटीत! यूएसपीएस जॉन्स क्रीक हे नाव चालवतं, पण लोकांच्या बोटांना जुनं वळण पडलंय. पीचट्री कॉर्नर्स २०१२मध्ये शहर झालं, तिथेही नॉरक्रॉस अजून पाकिटांवर आहे. म्हणजे नगरपालिका झाली म्हणून टपाल आपोआप बदलत नाही, हे ध्यानात घ्या.

रत्नांग्री

आमच्याकडे आपलं बरं. मुक्काम अमुक, पोस्ट तमुक, तालुका, जिल्हा. वाडीचं नावही राहतं आणि पोस्ट कुठलं तेही कळतं. अमेरिकेच्या पत्त्यात गावाला एकच जागा ठेवलीय, त्यात मुक्काम आणि पोस्ट दोन्ही कोंबायचे, मग भांडण होणारच.

आणि पिन कोडचा विषय निघालाच आहे तर, तो आपल्या कोकणी माणसाने दिलाय हे नव्या पिढीला सांगितलं पाहिजे. श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी, शिवाय संस्कृतचे मोठे कवी. १५ ऑगस्ट १९७२ला पिन सुरू झाला. एकाच नावाची गावं देशभर, लिपी वेगवेगळ्या, हस्ताक्षरं वेगवेगळी, त्यावर सहा आकडे हा उतारा होता. महाराष्ट्र आणि गोवा चारने सुरू होतात.

जुना_प्रवासी

रत्नांग्री यांना अनुमोदन. वेलणकरांचं नाव वाचून बरं वाटलं.

नकाशावालींनी आजचं सांगितलं, मी थोडा इतिहास जोडतो. इथल्या खेड्यांना नावं मिळाली ती पुष्कळदा टपालानेच. चार शेतांच्या चौकात एखादा दुकानदार पोस्टाची परवानगी मागायचा, अर्जात नाव सुचवायचा, वॉशिंग्टन ते मान्य करायचं किंवा परत पाठवायचं. जे मान्य झालं ते गावाचं नाव. इंडियानातल्या लोकांनी सांता फे मागितलं, त्या राज्यात ते आधीच होतं, म्हणून १८५६मध्ये पोस्ट निघालं ते सांता क्लॉज नावाचं. आजही नाताळात जगभरच्या मुलांची पत्रं तिथे जातात. १८९४मध्ये तर टपालखात्याने फर्मान काढलं की यापुढे पोस्टाची नावं लहान किंवा एकाच शब्दाची असावीत.

१९०१मध्ये अमेरिकेत ७६,९४५ पोस्ट ऑफिसं होती, त्यानंतर इतकी कधीच झाली नाहीत. १८९६मध्ये खेड्यात घरपोच टपाल सुरू झालं आणि १९०२मध्ये ते कायम झालं. पत्र दारात यायला लागलं, चौकातलं पोस्ट बंद झालं, आणि पोस्टाबरोबर नावही पत्त्यातून गेलं. तुमच्या लाउडनमध्येच बघा. आर्कोलाचं जुनं नाव गम स्प्रिंग. आज ते रस्त्याच्या पाटीवर आणि काउंटीच्या ग्रंथालयावर उरलंय. अ‍ॅशबर्न आधी फार्मवेल होतं. आणि विलार्ड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती तर १९५८मध्ये डलेस विमानतळासाठी जमीन घेतली तेव्हा उठलीच.

म्हणून माझं म्हणणं, अर्ज करताना बिल्डरने दिलेल्या नावाबरोबर त्या जमिनीचं जुनं नाव काय होतं तेही शोधा. काउंटीच्या जुन्या नकाशांत सापडतं. जुनं नाव पुन्हा पत्त्यात आणता आलं तर फार चांगलं काम होईल.

लाउडनकर

हे मला सुचलंच नव्हतं. गम स्प्रिंग ग्रंथालयात आम्ही नेहमी जातो. आमच्या जागेवर पूर्वी कुठली वस्ती होती का, ते तिथेच विचारतो.

चिंतामणी_डी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अशा मागण्यांमागे बहुतेक वेळा घराच्या किमती असतात. शेजारच्या गावाचं नाव भारी असलं की लोकांना ते हवं असतं आणि साधं असलं की नको असतं. माझ्या आधीच्या गावात श्रीमंत वसाहतीने वेगळं नाव मागितलं, उरलेल्यांना वाटलं हे आपल्यापासून तुटून निघाले. पोस्टाने अशा गोष्टींत पडू नये, आणि ते पडत नाही ते योग्यच आहे.

फोरसाइथचा_बंड्या

चिंतामणी, किमतीचा मुद्दा खरा आहे, आमच्याकडे लोक अल्फारेटा सोडायला तयार नाहीत ते त्याचसाठी. पण लाउडनकर उलटं मागतायत. शँटिली काही कमी प्रतीचं नाव नाही. गाडीचा कर चुकीच्या काउंटीला जाणं हा किमतीचा मामला नव्हे.

नकाशावाली

कराबद्दल थोडं. व्हर्जिनियात गाडीचा कर त्या गाडीचा मुक्काम जिथे, त्या काउंटीला किंवा शहराला जातो. डीएमव्हीच्या (वाहन नोंदणी खातं) फॉर्मवर ते वेगळं विचारतात आणि तिथेच घोळ होतो. शिवाय व्हर्जिनियात शहर हे काउंटीच्या बाहेरचं स्वतंत्र एकक आहे. फ्रँकोनिया, हायब्ला व्हॅली इथले लोक पत्त्यात अलेक्झांड्रिया लिहितात, पण राहतात फेअरफॅक्स काउंटीत. अलेक्झांड्रिया शहराला त्यांचा एक पैसा जायला नको.

विक्रीकराचं दुखणं कोलोराडोत मोठं. सेंटेनियल २००१मध्ये शहर झालं, एक लाखाच्या आसपास वस्ती, आणि पत्ते एंगलवूड, लिटलटन, अरोरा असे. दर शहराचा विक्रीकर वेगळा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या वेफेअर निकालानंतर बाहेरच्या राज्यातले ऑनलाइन विक्रेतेही कर लावायला लागले. विक्रेत्याने नुसतं गावाचं नाव किंवा झिप बघून कर लावला तर भलत्याच शहराचा लागतो. पूर्ण पत्त्यावरून लावला तर बरोबर येतो. तुमच्या पावतीवर कर कुठला लागलाय ते अधूनमधून बघत जा.

पेठेतून_प्लेन्सबरो

न्यू जर्सीचं ऐका. इथे प्रत्येक इंच जमीन कुठल्यातरी टाउनशिपची किंवा बरोची असते, त्यामुळे तुमच्यासारखं 'कुणाचंच नाही' असं होत नाही. तरी पत्त्याचा घोळ आहेच. साउथ ब्रन्सविकमध्ये राहणाऱ्यांचा पत्ता मनमथ जंक्शन, केंडल पार्क किंवा डेटन. फ्रँकलिन टाउनशिपवाल्यांचा सॉमरसेट. प्रिन्स्टनचा पत्ता तर आजूबाजूच्या किती टाउनशिपांत पसरलाय!

पण एक उदाहरण तुमच्या कामाचं. रॉबिन्सव्हिल, जिथे अक्षरधाम मंदिर आहे, ते २००७पर्यंत वॉशिंग्टन टाउनशिप होतं. या राज्यात वॉशिंग्टन टाउनशिपा अनेक, पत्रं आणि पाहुणे भलतीकडे. शेवटी लोकांनी नोव्हेंबर २००७मध्ये मतदान करून टाउनशिपचंच नाव रॉबिन्सव्हिल केलं. त्याच्या आदल्या वर्षी डोव्हर टाउनशिपचं टॉम्स रिव्हर झालं, कारण सगळे तिला टॉम्स रिव्हरच म्हणायचे. म्हणजे टपालाचं नाव बदलायच्या ऐवजी त्यांनी गावाचं नाव बदलून टाकलं!

केटीची_मंजिरी

न्यू मेक्सिकोतल्या हॉट स्प्रिंग्ज गावाने १९५०मध्ये एका रेडिओ कार्यक्रमाच्या आवाहनावरून आपलं नाव 'ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस' केलं होतं. एवढं लांब नाव पाकिटावर लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार :)

सातारी_कंदी

नावं बदलायचीच तर आपल्याकडेही आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर झालंय. माझ्या आतेभावाकडे जुन्या नावाने पाठवलेलं पत्रही पोहोचतं आणि नव्या नावानेही. पिन तोच ना.

शेवग्याची_शेंग

संभाजीनगरचा विषय काढलाच आहे तर माझं स्पष्ट मत असं आहे की

प्रशासक

त्या विषयावर तीन धागे चालू आहेत, कृपया तिकडे लिहा. वरचा अर्धवट प्रतिसाद संपादित केला आहे. इथे टपालाचा पत्ता आणि वसाहतींची नावं एवढंच राहू द्या.

ट्रेसीवाल्या_काकू

कॅलिफोर्नियातून लिहिते. माउंटन हाउस माहीत असेलच, बे एरियातून घरं परवडेनात म्हणून आपली कितीतरी कुटुंबं इकडे आली. गाव नव्याने वसवलेलं, झिप ९५३९१ स्वतःचा, पण त्या झिपचं मुख्य नाव शेजारच्या ट्रेसीचं. आम्ही सगळे ट्रेसीवाले. माउंटन हाउस हे नावही चालतं, मुलं तेच लिहितात. मग मार्च २०२४मध्ये मतदान झालं आणि १ जुलै २०२४पासून माउंटन हाउस रीतसर शहर झालं. आता आमची स्वतःची नगरपरिषद आहे.

माझी आयडी मात्र ट्रेसीवाल्या काकूच राहणार, मैत्रिणी त्याच नावाने ओळखतात.

लाउडनकर, वेगळा झिप मिळाला तरी नाव आपसूक मिळत नाही, दोन्ही वेगळी कामं आहेत, एवढं आमच्या अनुभवातून सांगते.

जुना_प्रवासी

कॅलिफोर्नियाचं अजून एक. ताहोजवळ १९६०चं हिवाळी ऑलिंपिक झालं त्या खोऱ्याचं नाव तेव्हा स्क्वॉ व्हॅली. पण फ्रेज्नो काउंटीत त्याच नावाची वस्ती आणि पोस्ट आधीपासून होतं. एका राज्यात एकाच नावाची दोन पोस्टं नकोत, म्हणून ताहोवाल्यांना टपालात ऑलिंपिक व्हॅली हे नाव मिळालं. लाउडनकर, तुमच्या वसाहतीच्या नावाचं दुसरं गाव व्हर्जिनियात नाही ना, हे आधी तपासा. असलं तर अर्ज तिथेच अडेल.

फ्रेज्नोच्या त्या वस्तीची गोष्ट पुढे आहे. तो शब्द मूळ रहिवासी स्त्रियांचा अपमान करणारा, त्यावर वर्षानुवर्षं लोकांनी आवाज उठवला. जानेवारी २०२३मध्ये भौगोलिक नावांच्या केंद्रीय मंडळाने वस्तीचं नाव योकट्स व्हॅली केलं. काउंटीच्या पर्यवेक्षकांचा (काउंटीचे निवडून आलेले प्रतिनिधी) विरोध होता. नगरपालिका नसलेल्या वस्तीचं नाव कुणी ठरवायचं, यावर तिथे मोठा वाद झाला. हे मंडळ १८९०पासून आहे. सरकारी नकाशावर काय छापायचं ते मंडळ ठरवतं, पाकिटावर काय चालेल ते टपालखातं. दोन्ही वेगळ्या कचेऱ्या.

चिंतामणी_डी

हे उदाहरण पटलं. अपमान करणारं नाव पत्त्यात राहू नये, तिथे माझा विरोध नाही.

टायसन्सचा_शेजारी

लाउडनकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी पूर्ण दिलं नाही, म्हणून लिहितो.

टायसन्स कॉर्नर तुमच्यापासून अर्ध्या तासावर. ती नगरपालिका नाही, फेअरफॅक्स काउंटीचा भाग. इतकी मोठी बाजारपेठ, उंच इमारती, आणि पत्ते मक्लेन किंवा व्हिएन्ना. २०११मध्ये टपालखात्याने २२१०२ आणि २२१८२ या दोन्ही झिपांत टायसन्स कॉर्नर हे नाव मान्य केलं. झिप तेच राहिले. मक्लेन, व्हिएन्ना लिहायचं त्यांना मोकळीक, टायसन्स लिहायचं त्यांनाही. २०१५मध्ये जनगणनेच्या नोंदीत 'कॉर्नर' गळून नुसतं टायसन्स झालं, पण ते जनगणना खात्याचं काम, टपालाचं नव्हे.

रीत अशी. मागणी लेखी, आपल्या भागाच्या टपाल जिल्हा व्यवस्थापकाकडे. यूएसपीएसची झिप हद्दींचा फेरविचार करायची ठरलेली पद्धत आहे. व्यवस्थापकाने ६० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नकार आला तर मुख्यालयाकडे दाद मागता येते. बदल करता येण्यासारखा वाटला तर त्या भागातल्या घरांना सर्वेक्षणाचे कागद जातात आणि आलेल्या उत्तरांत निम्म्याहून जास्त होकार लागतात. एकदा निर्णय झाला की दहा वर्षं तो विषय पुन्हा उघडत नाहीत. म्हणून घाईने अर्ज टाकू नका.

आणि एचओएचं एकटं पत्र कमी पडतं. तुमच्या काउंटी पर्यवेक्षकाकडून ठराव किंवा निदान पाठिंब्याचं पत्र घ्या. काँग्रेस सदस्याच्या कार्यालयातही टपालाचे प्रश्न हाताळणारा माणूस असतो, त्याला प्रत द्या. पत्रात भावना थोडक्यात लिहा, आणि काउंटी चुकल्यामुळे काय काय झालं त्याचे कागद जोडा: कराची नोटीस, विम्याचं पत्र, परत गेलेलं पार्सल. हद्दीचा नकाशा जोडा, रस्त्यांची यादी जोडा. त्याच झिपमध्ये सारख्या नावाचे दोन रस्ते असतील तर तेही दाखवा, तो मुद्दा वजनदार ठरतो.

स्नेहल_७

सर्वेक्षणाचा कागद म्हणजे तो जाहिरातींच्या गठ्ठ्यात येतो तसला? आमच्याकडे अर्धी माणसं पेटी उघडून सगळं थेट रिसायकलच्या डब्यात टाकतात.

टायसन्सचा_शेजारी

त्याचसाठी आधी दारोदार जाऊन सांगायला हवं. आलेल्या उत्तरांचीच मोजणी होते. हवंय असं म्हणणाऱ्यांनी कागद भरला नाही तर विरोध करणारे मोजके लोक जिंकतात. आणि विरोध असतोच. ज्यांचा धंदा घरातून चालतो, छापील पाकिटं, फलक, परवाने जुन्या पत्त्यावर आहेत, त्यांना भीती वाटते. त्यांना हे आवर्जून सांगा की जुनं नाव बंद होणार नाही.

लाउडनकर

टायसन्सचा_शेजारी, अगदी हेच हवं होतं. एक उरलं, कागदपत्रांचं. इथे अर्ध्या लोकांची ग्रीन कार्डं रांगेत आहेत, कुणी एच-१ व्हिसावर आहेत. 'पत्ता बदलणार' म्हटलं की आधी तीच चिंता.

नकाशावाली

नाव 'चालणारं' म्हणून जोडलं गेलं तर घर तेच, रस्ता तोच, झिप तोच, आणि जुनं नाव मुख्य म्हणून कायम. कुठलाही कागद जुन्या नावाने चुकीचा ठरत नाही. लायसन्सची मुदत संपेल तेव्हा हवं तर नवीन नाव लिहा. एक मात्र पाळा. इमिग्रेशनच्या एकाच अर्जात सगळीकडे एकच नाव ठेवा, पानागणिक बदलू नका.

झिप बदलला तर गोष्ट वेगळी. मग बँक, विमा, डीएमव्ही, इमिग्रेशन सगळीकडे कळवावं लागतं. म्हणून पुन्हा सांगते, झिपच्या मागे लागू नका.

केटीची_मंजिरी

वाचून माझं मत थोडं बदललं. आम्हाला नाव नवीन नकोय, पण आपला पत्ता तीनपैकी कुठल्या काउंटीत आहे हे आमच्या मंडळातल्या नव्या लोकांना सांगायला हवं. ९११चं तर नक्कीच. पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रकात घालते.

लाउडनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच यूएसपीएसच्या संकेतस्थळावर आमचा झिप टाकून पाहिला. आमच्या वसाहतीचं नाव चालणाऱ्यांतही नाही आणि नको असलेल्यांतही नाही. व्हर्जिनियात त्या नावाचं दुसरं पोस्ट मला सापडलं नाही.

असं ठरवलंय: झिप मागायचा नाही, फक्त नाव मागायचं. एचओएच्या बैठकीत आधी ठराव, मग पर्यवेक्षकांची भेट. शेजारी गाडीच्या कराची नोटीस द्यायला तयार आहेत. रस्त्यांची यादी मी करतो. जुन्या नकाशांसाठी शनिवारी ग्रंथालयात जातोय. जुना_प्रवासी, कुठल्या सालचे नकाशे बघू?

जुना_प्रवासी

१९०१च्या आसपासचे आधी बघा, तेव्हा छोटी पोस्टं सगळ्यात जास्त होती. नकाशावर चौकाच्या शेजारी 'पी.ओ.' अशी बारीक अक्षरं दिसतील, तिथल्या नावांची नोंद करा. आणि ग्रंथालयातल्या माणसाला जुन्या जमीनमालकांचे नकाशेही मागा, त्यांत घरागणिक नावं असतात.

टायसन्सचा_शेजारी

पत्राचा मसुदा झाला की इथे टाका (नाव-पत्ता काढून). नकाशावाली आणि मी नजर फिरवतो.